त्या एका फोटोनंतरचा वसंता

कापसाची गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर येऊन उभी होती आणि काट्यावर वसंता नव्हता. तो कधी खाडा करत नसे, म्हणून मी त्याच्या घरी फोन लावला. चुलतभावानं उचलला. सकाळी वसंता शेतात पाणी द्यायला गेला, तिथंच कोसळला. दिग्रसच्या दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं... त्याला आता काही आठवडे झाले.

जिनिंगमध्ये आम्ही बरोबरच लागलो. तो काट्यावर, मी हिशेबाच्या टेबलावर. वसंता जवळच्याच बंजारा तांड्यातला. रविवारी माझ्या मोटारसायकलवर मागं बसायचा, गळ्यात कुणाकडून तरी घेतलेला जुना कॅमेरा. काय काढायचा? काहीही. एसटीच्या काचेला टेकलेली झोपाळू डोकी, सरकीच्या ढिगावर लोळणारं कुत्रं, बाजार उठल्यावरची रिकामी पोती. फोटो मनासारखा आला की नुसता कॅमेरा माझ्यापुढं धरायचा.

मग तांड्यातल्या एका लग्नात त्यानं आईचा फोटो काढला. तिला तो याडी म्हणायचा. मीही तेच म्हणतो. आरसे लावलेली फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, कोपरापर्यंत बांगड्या, अशी ती दारात उभी राहून कशावर तरी हसत होती. यवतमाळच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, वसंताचं नाव झालं. तिथूनच सगळं बिघडलं, असं मला आता वाटतं.

कधी कुणी सरकारी साहेब त्याच्या घरी पाहुणे घेऊन यायचे, कधी शहरातले फोटोवाले. सगळ्यांना तेच हवं. एरवी नायलॉनचं साधं पातळ नेसणारी याडी पेटी उघडून कपडे बदलायची, दारात उभी राहायची, सांगितलं की उजेडाकडं तोंड करून हसायची. वसंताला नाही म्हणता येत नसे. तांड्याचा रस्ता, कुणाचा दाखला, कशासाठी तरी त्याच साहेबांच्या दारात जावं लागे. एकदा कपड्यांची घडी घालता घालता तिनं विचारलं, "वसंता, मी रोज अशीच दिसतो काय रे?"

त्यानं दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर शेंगा फोडत बसलेल्या याडीचा, पातळातला फोटो काढला आणि पुढच्या प्रदर्शनाला पाठवला. तिकडून फोन आला, फोटो चांगला आहे, पण तांड्यातलं काहीतरी पाठवा.

त्यानंतरही रविवारी तो माझ्यामागं बसायचा, पण बॅग उघडायचा नाही. एकदा धरणावर पाखरं उतरली होती. मी म्हटलं, काढ की. "कुठीबी कॅमेरा धरला तरी मले तोच दरवाजा दिसते," तो म्हणाला. "काय काढू, सांग."

मग कॅमेरा बिघडलाय असं तो पाहुण्यांना सांगू लागला. पाहुणे आपापले कॅमेरे घेऊन येत. त्याची आवड सुटली, पण त्यांना घर दाखवायचं काम काही सुटलं नाही. तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यातही एक गाडी येऊन गेली होती.

परवा मी तांड्यात गेलो. याडी एकटीच होती. मी आत भिंतीला टेकून बसलो, तर तिनं मला हाताला धरून उठवलं आणि पुढं दाराशी सतरंजी टाकली.

"इथं बस, बापू. तिथं तोंडावर अंधार येते."

याडी, मी फोटो काढायला आलो नाही, मी म्हणालो.

"माहीत हाय मले," ती म्हणाली... आणि तीही उजेडाकडं तोंड करून बसली.