पेटीवाला बापू हसला

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असल्या पोस्टखाली 'फेकू नका' लिहिणारा मीच. तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नका, आधीच डोकं फिरलेलं आहे.

मी डोंबिवलीचा. जत्रा, गणपती, सोसायट्यांची हळदीकुंकवं... गावोगाव गोष्टी सांगत, विनोदी गाणी म्हणत आयुष्य गेलं. पेटीवर कायम ठाकुर्लीचा बापू. आमचं ठरलेलं होतं — लोक हसून लोळले तरी पेटीवाल्याने हसायचं नाही. त्याच्या मख्ख चेहऱ्यावरच अर्धा कार्यक्रम चालायचा. पण हा गृहस्थ स्टेजवरून उतरल्यावरही हसत नसे! नवा किस्सा ऐकवला की म्हणायचा, "शिळं आहे रे." जगाच्या टाळ्या मिळाल्या, पण मला या एका माणसाचं हसू हवं होतं. ते न देताच गेला. राग येणार नाही तर काय!

गेल्या वर्षी वर्तकनगरच्या एका सोसायटीत वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. हा शेवटचा, मग बंद, असं मी ठरवलेलं. बापूने आजारपणात माझ्यासाठी वाजवून ठेवलेली पेटी मोबाइलवर होती, ती स्पीकरला जोडली. ती ऐकायला म्हणून त्याची बायको, सुमनवहिनी, आमच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आलेल्या. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये लख्ख उजेड, पोरांचा धिंगाणा. मी गोष्ट रंगात आणतोय, तोच सेक्रेटरी दुसरा माईक घेऊन — "काका, जरा आटपा ना, लकी ड्रॉ बाकी आहे!"

तळपायाची आग मस्तकात गेली. गोष्ट सोडली आणि तोंडाला येईल ते बोललो, "आटपतो! आमचा बापू तर आटपूनच गेला. वर यमाने जोक मारला असेल, तर हा म्हणाला असेल — शिळं आहे रे, तुझा रेडासुद्धा हसणार नाही!"

पेटी थांबली. आणि स्पीकरमधून एक माणूस हसला. खो खो... पार ठसका लागेपर्यंत. मग पेटी पुन्हा सुरू.

लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या. मला तो आवाज ओळखताच येईना. वहिनी मात्र उठून उभ्या राहिलेल्या.

"भाऊजी, हे आमच्या ह्यांचं हसणं! घरी येऊन तुमचे किस्से मला सांगायचे ना, तेव्हा अस्सेच हसायचे. शेवटी पाणी द्यावं लागायचं."

भाचा म्हणतो, दुसऱ्या कुणाचं ब्लूटूथ जोडलं गेलं असेल. अरे, वायर होती, वायर! ते रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकलंय, त्यात नुसती पेटी आहे. आणि ते यमाचं वाक्य तर तोंडातून पडेपर्यंत मलाच माहीत नव्हतं. काय झालं, कसं झालं... मला अजून सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा, पण अक्कल पाजळू नका.

कार्यक्रम काही मी बंद केले नाहीत. पण संताप जात नाही. बापू, घरी बायकोसमोर ठसका लागेस्तोवर हसायचास, मग माझ्यासमोर एकदा हसायला काय धाड भरलेली रे तुला?