उतारा या एका शब्दापायी

हमीद शेख सरांवर अन्याय झाला तो बहात्तरच्या दुष्काळातल्या फाल्गुनात, पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेची शेवटची घंटा व्हायच्या जरा आधी. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलात सगळ्या मुलांना पटांगणात रांगेनं उभं करून शाळा समितीचा ठराव मोठ्यानं वाचला गेला : 'विज्ञान शिक्षक शेख यांनी विद्यार्थ्यांस उतारे टाकण्यास शिकविले, सबब त्यांस कमी करण्यात येत आहे.' वार आणि वेळ मी मुद्दाम लिहिते आहे. उद्या कुणी म्हणायला नको की असं काही झालंच नाही. सर गेल्या महिन्यात नगरला वारले. छातीचं दुखणं होतं. ते ज्या छापखान्यात मुद्रितं तपासत, तिथला माणूस सायकल मारत माझ्याकडे आला. "ताई, तुमचे सर गेले," एवढंच म्हणाला... आणि खिशातून माझ्याच एका पत्रकाचं मुद्रित काढून हातात दिलं. सरांनी आदल्या दिवशी तपासलेलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

उतारा म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. भात, लिंबू, हळदकुंकू आजारी माणसावरून ओवाळायचं आणि तिठ्यावर नेऊन ठेवायचं. जो ओलांडेल त्याच्या मागे पीडा. पण कचेरीतून मिळतो तोही उताराच, आणि सरांच्या घरात हाच अर्थ चालायचा. त्यांचे वडील तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. जुन्या दप्तरातले कागद बघून त्यांच्या नकला करायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. सर लहानपणी त्यांचा डबा घेऊन कचेरीत जायचे, कपाटांच्या रांगा बघायचे. "मूळ कागद कधीच बाहेर जात नसे," ते सांगायचे. "कितीही मोठा माणूस येवो, त्याला उताराच मिळायचा."

त्या वर्षी मी दहावीत होते. आमच्या वर्गात सरकारी मदतीच्या सुकडीची पोती रचली होती, म्हणून वर्ग भरायचा शाळेपुढच्या तिठ्यावर, कडुलिंबाखाली. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. घरोघरी रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि डाळीचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. कितीतरी लहान पोरांचे पाय सुजलेले, केस तांबूस झालेले. एक दिवस मी सरांना विचारलं, "सर, पोटाला भाकरी हाय की. मग पोरं सुजत्यात कशानं?" सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकात नाही. पण सांगतो."

आणि मग माघातल्या एका सोमवारी त्यांनी जे शिकवलं ते मला आजही जसंच्या तसं येतं. आपल्या अंगाची प्रत्येक पेशी म्हणजे एक तालुका. मधोमध केंद्रक, ती कचेरी. कचेरीच्या कपाटात डीएनए नावाचं दप्तर, आणि अंगातलं प्रत्येक प्रथिन कसं करायचं ते त्यात लिहिलेलं. लिपी अवघ्या चार अक्षरांची. आमच्यातला एकजण म्हणाला, "चारच अक्षरं? त्याच्यात काय लिहून व्हतंय, सर?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या अण्णांची सही किती अक्षरांची?" "तीन." "त्या तीन अक्षरांवर अख्खी शाळा चालते की!" सगळे हसले, मीही हसले. माझे वडील शाळा समितीवर होते.

पुढं सर म्हणाले, मूळ दप्तर कचेरीबाहेर काढायचं नाही. एखादं प्रथिन हवं असलं की तेवढ्याच भागाचा उतारा निघतो. त्या उताऱ्याचं नाव आरएनए. उतारा कचेरीबाहेर पडतो आणि एका ओट्यावर येतो. ओट्याला रायबोसोम म्हणतात. तिथं तो तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि शब्द वाचला की त्याचा ठरलेला हमाल पाठीवर एक मणी घेऊन हजर. मणी म्हणजे अमिनो आम्ल. एका हमालाचा मणी दुसरा उचलत नाही. पहिला मणी ओवला, दुसरा ओवला, तिसरा... 'थांब' असा शब्द आला की माळ पुरी. ती माळ घडी घालून बसली की झालं प्रथिन. आमचं रक्त, आमचे स्नायू, आमची नखं, सगळ्या याच माळा.

हे नुसतं सांगून सर थांबले नाहीत. भिजवून भोकं पाडलेले चिंचोके त्यांनी घरून आणले होते. काही हळदीनं पिवळे केलेले, काही कुंकवानं लाल, काही चुन्यानं पांढरे, काही काजळीनं काळे. दुसरा रंग दुष्काळात आणायचा कुठून? एक मुलगा कचेरी झाला, एक उतारा झाला, मी ओटा. बाकीचे हमाल. "त्यो हमालच चुकला तर, सर?" "तर तुझ्यासारखा नमुना तयार होतो." मग सरांनी पिवळे चिंचोके गुपचूप स्वतःच्या खिशात टाकले. आमची माळ पिवळ्या शब्दापाशी आली आणि अडली. हमाल रिकाम्या हातांनी उभा. "आता बोला," सर म्हणाले. "उतारा बरोबर आहे, ओटा तयार आहे, हमालही आलाय. काय नाही?" "मणी न्हाई!" "काही मणी अंगातच तयार होतात. काही बाहेरूनच यावे लागतात, डाळीतून, दुधातून, शेंगदाण्यातून. एक जरी आला नाही तरी माळ तिथंच थांबते. पोट भरलेलं असतं आणि पोर सुजतं." माझ्या शेजारच्या मुलीचा धाकटा भाऊ तसाच सुजलेला होता.

घंटा झाली, आम्ही पळालो. अर्धी ओवलेली ती माळ लिंबाखाली तशीच राहिली.

दुपारी खडीच्या कामावरून बाया परतल्या. तिठा, हळदकुंकवाचे दाणे, दोरा, त्यात काळे दाणेही... आमच्या गल्लीतल्या गंगूआत्या पुढं होत्या. "आगं बया बया! मागं सरा! कुनी वलांडलं तर न्हाई ना?" एकीनं ओलांडलं होतं, कडेवर पोर घेऊन. त्या पोराला रात्री ताप भरला. सकाळपर्यंत गावभर झालं की शेखमास्तर पोरांकडून तिठ्यावर उतारे टाकून घेतो. मास्तर मुसलमान, तेव्हा काहींना खात्री करून घ्यायचीही गरज वाटली नाही. पोराचा ताप चौथ्या दिवशी उतरला. गावाचा उतरला नाही.

पुरावा म्हणून जी वही समितीपुढं ठेवली गेली ती माझी होती. अण्णांनी माझ्या दप्तरातून काढून नेली. त्यात मी माझ्या हातानं लिहिलं होतं : 'उतारा बाहेर पडतो. तो तीन-तीन करून वाचतात. हमाल एकेक दाणा आणतो.' चौकशीला मला उभं केलं. मी सांगायला लागले की हा उतारा कचेरीतल्यासारखा... समितीतल्या एकानं मधेच अडवलं. "लांबण लावू नगं. मास्तरानं उतारा हा शब्द वापरला का न्हाई? व्हय का न्हाई, तेवढंच बोल." अण्णा खाली बघत होते.

मी "व्हय" म्हणाले.

खरं बोलले आणि त्या खऱ्यानंच सरांची नोकरी गेली. मी तिथं ओरडून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. शनिवारी ठराव वाचला गेला तेव्हा सर पटांगणाच्या कडेला टोपी हातात घेऊन उभे होते. ज्या माणसानं वर्गात पहिल्याच दिवशी "अंगारा-धुपारा घेऊन परीक्षेला येऊ नका" असं बजावलं होतं, त्याच्या माथी हा शिक्का. त्यानंतर ते जिथं अर्ज करत तिथं आधीच्या शाळेचा दाखला मागत, आणि दाखल्यावर कारण लिहिलेलं असे. शेवटी त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम धरलं. मीही पुढं शिकायला नगरला आले, चळवळीत पडले, पत्रकं लिहू लागले. ती त्यांच्याच हाताखालून जायची. "अगं, एका वाक्याला इतकी उद्गारचिन्हं कशाला?" ते म्हणायचे. "एका चिन्हानं ज्याला जाग येत नाही त्याला चारांनीही येणार नाही."

गेल्या वर्षी मी त्यांच्यावरच्या अन्यायाचं पत्रक लिहिलं. चांगलं झणझणीत. त्यात गावच्या बायांना मी अडाणी म्हटलं होतं. सरांनी लाल शाईनं तो शब्द खोडला. मी भांडले. "सर, त्यांच्यामुळं तुमचं वाटोळं झालं!" ते चष्मा पुसत म्हणाले, "हळदकुंकवाचे दाणे तिठ्यावर दिसले, तर त्यांनी काय समजायचं होतं? त्यांना दोनातला एकच अर्थ ठाऊक होता. दुसरा सांगायचं काम माझं, आणि तो सांगायला त्यांनी मला मुदतच दिली नाही... त्यांनी म्हणजे बायांनी नव्हे. समितीनं. बाया काय, एका दुपारी पटल्या असत्या." मग पत्रक माझ्याकडे सरकवत म्हणाले, "नोकरी परत नको मला. ठरावातली ती ओळ तेवढी खोडली तर बरं. मुलीचं लग्न ठरवताना लोक विचारतात, बाप उतारे टाकायचा ना?" ते पत्रक मी फाडलं. दुसरं लिहायचं राहून गेलं. माझी हीही चूक मी इथं कबूल करते.

सरांची मुलगी रुख्साना नगरमध्येच आहे. माणसं अजून तिला तोच प्रश्न विचारतात. माणूस गेला, पण ठरावाच्या वहीत ती ओळ शाबूत आहे, आणि ती खोडायला कुठला कायदा लागत नाही. दुसरा ठराव लागतो. समितीची वार्षिक सभा दर उन्हाळ्यात भरते. पालकांना तिथं बसता येतं, बोलता येतं. हा लेख वाचणाऱ्यांत त्या शाळेचे पालक आहेत, सरांनी शिकवलेली मुलं आहेत, आणि ज्यांनी त्या ठरावावर सह्या केल्या तेही आहेत, कारण वर्तमानपत्राची ही पुरवणी गावात कुठं-कुठं जाते ते मला ठाऊक आहे. हळहळ नको. सांत्वनाची पत्रं नकोत. येत्या सभेला या, वही उघडायला लावा, आणि 'शेख सरांनी विज्ञान शिकविले, मागील नोंद चुकीची' असा ठराव मांडा. अण्णा, सूचक म्हणून पहिली सही तुम्ही करा.