वीतभर बांध

आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या रानात एकच बांध. तिकडं तात्यांचा ऊस, इकडं आमची डाळिंबं. ऊस मोडून नांगरताना तात्यांचा ट्रॅक्टर दर वेळी बांधाचा एक घास घ्यायचा. बांधाला लागून डाळिंबाची शेवटची ओळ होती. त्या ओळीच्या फळावर मी बारामतीला कॉलेजला जाणार, वसतिगृहात राहणार, असं ठरलेलं होतं. तोवर आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

आई म्हणायची, "मोजणी आणा." वडील लोणी देवकरला कंपनीत कामाला होते आणि रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचे. त्या महिन्यात पाळकांचे उपदेश शिष्यपणावर चालले होते. ख्रिस्ताचा शिष्य म्हणवून घ्यायचं तर अंगरखा मागणाऱ्याला वरचं पांघरूणही द्यावं लागतं, असं ते म्हणाले. बाकीच्यांनी ऐकलं. वडिलांनी सोमवारी कुदळ घेतली आणि बांध आणखी वीतभर आमच्या बाजूला सरकवला.

"तात्या, नांगर वळवायला जागा लागती. घ्या अजून."

तात्यांनी बांधाकडं पाहिलं, मग वडिलांकडं. "आबा, कोर्टाचं काय हाय का ह्यात?"

"न्हाय. येशूनं सांगितलंय."

"माझं नाव घिऊन?"

वडील खुशीत होते. चर्चमध्ये या बांधाची साक्ष द्यायची, म्हणजे देवाच्या शब्दावर आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणून ते आरशासमोर बोलून बघत होते. तात्यांना मात्र जेवण जाईना. फुकट जमीन देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनीच मोजणी आणली.

मोजणीदारानं यंत्र लावलं, खुणा रोवल्या. खुणा डाळिंबाच्या ओळीच्या अलीकडं, आमच्या रानात पडल्या. वडिलांनी दिलेली वीत तात्यांचीच होती आणि ओळही त्यांचीच होती. बांध पहिल्यांदा आमच्याच आजोबांनी कोरला असावा.

आईनं पदर खोचला. "अहो, अंगरखाच त्यांचा निघाला."

वडील हळू आवाजात म्हणाले, "तात्या, ओळ तुमची. फळासकट."

"फळ मी कशाला घिऊ? झाडं तुमी लावली, पाणी तुमी घातलं. पोरगी कॉलेजला जायाचीय न्हवं? ह्या बहाराचं तुमीच तोडा."

"नको, तात्या."

"का? तुमच्या देवाला घेतलेलं चालत न्हाय? नुसतं द्यायचंच व्हय?"

मोजणीदारानं यंत्र पेटीत भरलं, पेटी गाडीला बांधली. आई माझ्याकडं बघत होती, मी डाळिंबांकडं. कुदळ चालवताना वडिलांना जो घाम आला नव्हता, तो आता आला होता.

"घेतो," ते म्हणाले.

त्या बहारावर मी बारामतीला गेले. पुढं पदवी मिळाली तेव्हा पहिला पेढा तात्यांना दिला.

पण त्याआधी तो रविवार आला. पाळकांनी साक्षीसाठी वडिलांचं नाव पुकारलं. वडील पुढं जाऊन उभे राहिले.

"शेजारच्या तात्यांनी आमच्या पोरीला डाळिंबाची एक ओळ दिली," ते म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

पाळक पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. मग त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला.