सव्वीस पुस्तकं आणि एक कॉलम

सातवीच्या मुलांनी अभ्यासाबाहेरचं काय वाचलं याची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायची, ही टूम माझीच. दर शनिवारी शेवटच्या तासाला सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत न्यायचं, आणि प्रत्येकानं शीटवर आपापल्या नावापुढं किती पुस्तकं झाली, किती पानं झाली, ते भरायचं. वाच म्हटलं की तोंड वाकडं करणारी पोरं त्या आकड्यासाठी वाचायला लागली. मला याचा अभिमान होता, आणि तो मी स्टाफरूममध्ये लपवतही नव्हते.

त्यात एक मुलगी होती, पुलापलीकडच्या एका गावातनं बसनं येणारी. घरी दोन म्हशी आणि उसाचा तुकडा. शाळा पाचला सुटायची, पण ती सहाच्या बसनं जायची. मधला तास ग्रंथालयात बसून वाचते, असं तिनं घरी सांगून परवानगी काढली होती. मी स्वतः पाचला निघायचे, त्यामुळं तो तास माझ्या डोळ्यांसमोरचा नव्हता. पण शनिवारी तिचा आकडा वाढलेला दिसायचा.

पालकसभेच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या, "यादी अकारविल्हे करा, पालकांना नाव सापडत नाही." मी नावांचा कॉलम निवडला आणि बटण दाबलं. मधेच इंग्रजीत काहीतरी विचारणारी एक चौकट आली. असल्या चौकटी मी वाचत नाही, सरळ पुढे जाते. नावं अ पासून ओळीनं लागली. किती सोपं आहे, असं म्हणून मी घरी गेले.

सभेत मी एकेक नाव घेऊन आकडे वाचले. तिचं नाव आलं आणि पुढं होतं दोन. मनात आलं, दोनच कसं? पण शीटवर दोन होतं, आणि माझ्या आठवणीपेक्षा शीटवर माझा जास्त विश्वास होता. मी दोन म्हटलं.

तिचे वडील मागं भिंतीला टेकून उभे होते, शेजारी ती. अंगावर दूध घालायला जायचा तोच शर्ट. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "दोनच? मग रोज सहापातूर ही साळंत करती काय?"

एक बाई मागं वळून त्या मुलीकडं बघायला लागली. माझ्यासमोर अजून वीसेक नावं होती, मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या, आणि माझा स्वभाव मुळात तिरसट. मी म्हटलं, "ते मला काय विचारता? तिलाच विचारा की."

त्यांनी मान हलवली. तिचं मनगट धरलं आणि दोघं निघून गेले. तिनं एकदाच मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि मी पुढचं नाव वाचलं.

सभा संपल्यावर एक आई पेढ्यांचा पुडा घेऊन आली. जयसिंगपूरहून बदली होऊन आलेलं कुटुंब. "बाई, तोंड गोड करा. आल्या आल्या पंधरा दिवसांत सव्वीस पुस्तकं वाचली की हो पोरीनं."

पेढा मी तोंडात घातला. पंधरा दिवसांत सव्वीस?

कपाटात गेल्या शनिवारची छापलेली यादी होती. ती काढून शीटशेजारी धरली. नावं हलली होती आणि आकडे जागच्या जागी राहिले होते. सगळ्या वर्गाचं वाचन मी भलत्याच्याच नावावर टाकलं होतं. बाकीच्यांचं जाऊ दे. छापलेल्या यादीत त्या मुलीच्या नावापुढं सव्वीस होतं.

तेरा वर्षांची पोर, रोज एक तास उशिरा घरी येणारी, आणि तिच्या बाईंनीच भरल्या सभेत सांगितलं होतं की ती वाचत नव्हती. मग ती कुठं होती? कुणाबरोबर होती? गावात हा प्रश्न एकदा उठला की तो पोरीची शाळा सुटल्यावरच बसतो. अशा दोन मुलींचे दाखले मी माझ्या हातानं लिहून दिले होते.

फोन लावला, लागला नाही. यादीची घडी पर्समध्ये कोंबली आणि स्कूटर काढली.

पुलाच्या अलीकडंच उसाचे ट्रॅक्टर अडकले होते. दोन-दोन ट्रॉल्या, मोठ्यानं लावलेली गाणी, आणि मधे मी. एरवी मी अशा वेळी चार शब्द सुनावते. त्या दिवशी नुसती वाट शोधत होते. ते मनगट कसं धरलं होतं तेवढंच आठवत होतं. आणि माझंच वाक्य, 'तिलाच विचारा की.' तिचे वडील आता काय विचारत असतील? कशानं विचारत असतील? मी एका ट्रॉलीच्या इतक्या जवळनं स्कूटर काढली की उसाची पाती तोंडाला लागली. गालावर ओरखडा उठला, तो मला दुसऱ्या दिवशी आरशात दिसला.

गावात घर विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "त्ये व्हय, शेवटचं घर. काय झालंय काय?" काही नाही म्हटलं. गोठ्याच्या अलीकडं स्कूटर बंद केली आणि कान दिले. रडण्याचा आवाज येईल असं वाटत होतं. तो आला नाही, त्याची जास्त भीती वाटली.

मग तिचा आवाज आला. एका सुरात, न थांबता ती बोलत होती.

वडील म्हशीची धार काढत बसले होते. ती समोर हात मागं बांधून उभी होती, वर्गात कविता म्हणायला उभी राहते तशी. ती एका पुस्तकाची गोष्ट सांगत होती. बेटावर अडकलेल्या पोरांची, त्यांनी पाणी कसं शोधलं त्याची. आई चुलीपुढं बसून ऐकत होती.

वडिलांनी मला पाहिलं आणि चरवी बाजूला ठेवली. "या बाई. तुमी दोन म्हनला, ही म्हनली सव्वीस. म्या म्हनलं, सांग मग एकेक. चौदावं चाललंय. कुठं अडली न्हाई अजून." ते हसले. "खोटं बोलनाऱ्याला एवढं येतंय व्हय?"

ज्या माणसाच्या भीतीनं मी इतकी धावत आले होते, त्यानं मी सांगितलं होतं तेच केलं होतं. तिलाच विचारलं होतं.

मी यादी उलगडली आणि चूक सांगितली. ते म्हणाले, "मशिनची चूक म्हनायची." मी म्हटलं, "मशीनची नाही, माझी." त्यांनी पाट दिला, चहा टाकायला सांगितला.

मी तिच्याकडं वळले. ती आईच्या मागं जाऊन उभी होती. आईचा पदर मुठीत घट्ट धरला होता आणि ती थरथरत होती. वडिलांसमोर चौदा पुस्तकं सांगताना जी थरथरली नव्हती, ती मला बघून थरथरत होती. मी म्हटलं, "बाळ, माझं चुकलं. पुढची गोष्ट सांग ना, मलापण ऐकू दे." तिनं मान हलवली आणि आईच्या कानात काहीतरी सांगितलं. आई अवघडून म्हणाली, "बाईंच्या म्होरं नगं म्हनती."

चहा घेऊन मी निघाले. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर चूक कबूल केली, खरे आकडे वाचले, पालकांना निरोप पाठवले. तिची शाळा सुटली नाही, सहाची बसही सुटली नाही. ती अजून शनिवारी शीट भरते.

पण तिनं एक वहीसुद्धा केली आहे. त्यात पुस्तकाचं नाव, पानं, तारीख असं लिहून ती माझ्या टेबलावर ठेवते आणि सही मागते. मी सही करते. तेवढा वेळ ती माझ्या पेनाकडं बघत उभी असते, सही तिच्याच ओळीत होते ना, ते बघत.