मामांची दोन मतं

सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं मत असणारी माणसं सगळीकडे असतात, राजकारणात तर तो गुणच समजतात, पण एकाच वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात एक मत, दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या नेमकं उलटं मत मांडून वर समोरच्यालाच "तू आधी नीट ठरव बघू, तुझं म्हणणं काय ते!" असं दरडावणारा माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मूळचे सांगलीचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सिडनीला आले आणि इथल्या रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर गाड्यांना लाल आणि हिरवा दाखवला, पण स्वतःच्या डोक्यात कायम पिवळा. भाचीच्या जवळ राहायचं म्हणून त्यांनी जुनं घर विकून स्कोफिल्ड्स या उपनगरात, आमच्या मागच्याच गल्लीत घर घेतलं, आणि सामान लागायच्या आत तक्रार सुरू केली की इथे फार भारतीय आहेत.

ही गर्दीची तक्रार म्हणजे मामांचा आवडता राग. "जावईबापू," ते मला म्हणायचे (मी जावई त्यांच्या बहिणीचा, पण तो फरक ते मानत नाहीत), "आम्ही आलो तेव्हा मराठी शब्द कानावर पडायला सहा-सहा महिने लागायचे. एकदा दुकानात एक जोडपं 'अहो, हे महाग आहे' असं बोलताना ऐकलं, तर मी त्यांच्या मागे मागे तीन दुकानं फिरलो. आणि आता? आता ट्रेनमध्ये कुणाला मराठीत मनमोकळी शिवी द्यायची सोय राहिली नाही. मागच्या सीटवरून उत्तर येतं!" हे बोलत असताना त्यांच्या हातात कोपऱ्यावरच्या भारतीय दुकानातून आणलेली ताजी कोथिंबीर असायची, आणि पूर्वी ती मिळवायला किती लांब जावं लागायचं हे ते पुढच्याच वाक्यात सांगायचे. बाहेरून लोक आणणं आता थांबवलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. मी एकदा विचारलं, "मामा, मग मी?" म्हणाले, "तू आलास ना! तुझ्यामागे दार लावायचं." "आणि माझ्या बहिणीचा व्हिसा यायचाय त्याचं काय?" मामांनी थोडा विचार केला. "ती येऊ दे. मग लावू."

बरं, या गृहस्थाने दार नुसतं बोलण्यातच लावलं. प्रत्यक्षात कुणाही ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या माणसाचा मुलगा सिडनीला उतरणार असं कळलं की मामा विमानतळावर हजर. आम्ही आलो तेव्हाही आले होते. थर्मासमधून चहा, डब्यात पोहे, आणि गाडी हायवेला लागताच पहिला प्रश्न, "आलात कशाला?" माझी बायको रडायच्या बेताला आली होती. तेवढ्यात मामा पुढे म्हणाले, "आलातच आहात तर भाड्याचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहा. मामीने खोली आवरून ठेवली आहे." आम्ही दोन महिने राहिलो. रोज संध्याकाळी मामा आम्हाला इथे माणसं कशी फार झाली आहेत ते सांगायचे, आणि रोज सकाळी माझा बायोडेटा घेऊन कुणाला ना कुणाला फोन करायचे.

मामा इथल्या सत्ताधारी पक्षाचे सभासद होते. उजव्या विचारांचा, टाय बांधणारा, जुन्या वळणाचा पक्ष. त्यांना त्यात ओढलं त्यांच्या शेजारच्या कीथने. कीथ सत्तरीचा, गुलाबांचा शौकीन आणि पक्षाच्या स्थानिक शाखेचा अध्यक्ष. त्याने एकदा मामांना शाखेच्या बार्बेक्यूला बोलावलं. मामा शाकाहारी, त्यांनी ब्रेडच्या तुकड्यात नुसता परतलेला कांदा घेतला, वर सॉस घातला, तो त्यांना बेहद्द आवडला आणि ते सभासद झाले. पक्षाची अर्थनीती त्यांना कधी कळली असं मला वाटत नाही. पण निष्ठा कडवी. निवडणुकीच्या दिवशी पक्षाचा निळा टी-शर्ट घालून शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे. एकदा एका पंजाबी आजोबांनी त्यांना पेन्शनबद्दल काही विचारलं, तर मामांनी पाच मिनिटं समजावून सांगितलं आणि शेवटी प्रामाणिकपणे म्हणाले, "पेन्शनच पाहिजे असेल तर मग तुम्ही समोरच्या पक्षाच्या त्या लाल टी-शर्टवाल्याकडे जा." कीथने तेव्हा कपाळाला हात लावला होता.

तर अशा या सुखी माणसाच्या आयुष्यात महासाथ आली. मामी त्याआधीच, फेब्रुवारीत, भाच्याच्या लग्नाला सांगलीला गेल्या होत्या. महिन्याभराने परतायचं तिकीट होतं. लग्न झालं, हळद उतरली आणि इकडे ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली. मामांना सरकारचा कोण अभिमान! "बेट आहे, बेट! दार लावलं की विषय संपला. याला म्हणतात खमकं सरकार." मी भीत भीत म्हटलं, "मामा, पण मामी बाहेर राहिल्या." मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी एखाद्या परक्या माणसाचं काहीतरी सांगितलं. "तिचं काय, ती नागरिक आहे. ती येईलच."

त्या आल्या नाहीत. आधी मामींची थोरली बहीण आजारी पडली, तिला सोडून निघणं मामींना जमेना. मग निघायची तयारी झाली तर विमानात जागा मिळेना. मिळाली तर उड्डाण रद्द झालं. पुन्हा मिळाली, पुन्हा रद्द. मामा दुपारी व्हिडिओ कॉल लावून स्वयंपाकघरात उभे राहायचे आणि मामी सांगलीहून आमटी शिकवायच्या. "आता गूळ घाला." "घातला." "कधी?" "सकाळीच घालून ठेवला, विसरायला नको म्हणून." आम्ही त्यांना जेवायला बोलवायचो, तर येताना ती आमटी घेऊन यायचे. ती आम्हाला खावी लागायची.

दुसऱ्या वर्षी भारतात ती भयंकर लाट आली आणि सरकारने भारतातून येणारी विमानंच बंद केली. आपल्या नागरिकांनीसुद्धा यायचं नाही, आलात तर दंड नि तुरुंग. बातमी लागली तेव्हा मामा आमच्याकडेच होते. बायको चिडून म्हणाली, "हे काय मामा! हा तुमचा पक्ष?" मामा ताठ बसले. "नियम म्हणजे नियम. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं." जरा वेळाने म्हणाले, "चुकलंच असतं माझं." आणि मग तिच्यावरच ओरडले, "तू राजकारणात भावना आणू नकोस!" हातातला चहाचा कप त्यांनी बशीत ठेवायला म्हणून टेबलावर ठेवला, बशी दुसऱ्या हातातच होती.

नेमक्या त्याच आठवड्यात शाखेची मीटिंग आली. विषय असा की, सीमा उघडल्यावर आपल्या पक्षाने बाहेरून जास्त माणसं यावीत म्हणून प्रोत्साहन द्यावं की नाही. कीथची छाती नाजूक, म्हणून मीटिंग झूमवर. विरोधात बोलायला कीथने मामांना सांगितलं होतं. बाहेरून आलेल्या माणसाने 'आता पुरे' म्हटलं की त्याला वजन येतं, असा त्याचा हिशेब. मामांच्या लॅपटॉपचा आवाज बिघडला होता, म्हणून ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी कोट-टाय घालून बसले. खाली घरातलाच पायजमा. मी सोफ्यावरून ऐकत होतो. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, पण मामांचं इंग्रजी सांगलीच्या अंगाने जातं, त्यामुळे मराठीत सांगायला काही अडचण नाही.

सुरुवात झकास झाली. रस्ते भरले, ट्रेन भरल्या, घरांच्या किमती पोरांच्या हाताबाहेर गेल्या, शाळांच्या मैदानात पत्र्याचे वर्ग उभे राहिले. छोट्या चौकोनांतून म्हातारी डोकी हलत होती. "आणि हॉस्पिटलं!" मामा म्हणाले. "माझं पित्ताशय काढलं तेव्हा स्वतः बघितलं मी. डॉक्टर श्रीलंकेचा. नर्स केरळची. जेवणाचा ट्रे आणणारा नेपाळचा. भूल देणारी बाई कुठली होती ते विचारायच्या आत मी झोपलो. मूळचा इथला असा एकटा कीथ होता. तो द्राक्षं घेऊन भेटायला आला होता." इथे मामा थबकले. आपण कुठल्या बाजूने चाललो आहोत हे त्यांचं त्यांनाच कळेना. "म्हणजे माझा मुद्दा असा," ते म्हणाले, "की ही माणसं नसती तर... तर माझं पित्ताशय अजून माझ्याकडेच असतं. म्हणून आता जास्त माणसं आणू नयेत. म्हणजे आणावीत. पण मोजकी. पण कोण मोजणार?"

कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं. एका बाईंचा आवाज स्पष्ट आला, "हा बाजूने बोलतोय की विरोधात?"

"मलाही तेच विचारायचंय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "दार लावा असं सगळ्यात मोठ्याने मी म्हणत होतो. तुम्ही लावलंत. चांगलं केलंत. पण माझी बायको बाहेर आहे."

कीथ घाईघाईने पुढे झुकला. पडद्यावर त्याचं नुसतं नाक दिसायला लागलं. "अरे मेट, तिचा इथे काय संबंध? ती काय इमिग्रंट आहे? ती तुझी बायको आहे!"

मामा त्या नाकाकडे बघत राहिले. मग अगदी साधेपणाने, खरंच माहीत करून घ्यायचंय अशा सुरात म्हणाले, "कीथ, मग मी कोण आहे?"

कुणाच्या तरी घरातला कुत्रा भुंकला. कीथचं नाक मागे गेलं आणि कीथ दिसू लागला. त्याचा चेहरा मामांपेक्षाही गोंधळलेला होता. शेवटी सेक्रेटरी बाईंनी मत घ्यायला सांगितलं. बाजूचे हात मोजले, विरोधातले मोजले, आणि सभासदांपेक्षा मतं एकाने जास्त भरली. पुन्हा मोजली, पुन्हा जास्तच. मामांनी दोन्ही वेळा हात वर केला होता. त्यांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मला दोन्ही पटतं." विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी कीथ कुंपणाशी आला. मी मामांचं गवत कापायला गेलो होतो. त्याने विचारलं, "ती कधी येतेय?" मामांनी खांदे उडवले. कीथ म्हणाला, "मी खासदाराच्या ऑफिसला फोन करतोय. रोज करणार. मला ओळखतात ते." मग गुलाबाचं वाळकं पान खुडत तो म्हणाला, "मला अजून वाटतं, माणसं फार झाली आहेत, मेट." "मलाही," मामा म्हणाले. आणि दोघंही बऱ्यापैकी समाधानाने आपापल्या घरात गेले. मला त्यातलं काही कळलं नाही. कीथने मात्र खरंच रोज फोन केले. त्यांचा उपयोग झाला की बंदी उठली म्हणून झालं ते देवाला ठाऊक, पण जूनमध्ये, इथली थंडी सुरू होता होता मामींना विमानात जागा मिळाली.

मामी उतरल्या त्या सरळ क्वारंटाइनसाठी शहरातल्या एका हॉटेलात. दोन आठवडे खोलीचं दार उघडायचं नाही. मामांनी धीर धरला तो एक दिवस. मग रोज दुपारी त्यांना घेऊन मी हॉटेलसमोरच्या फुटपाथवर जायला लागलो. ऑफिस घरूनच होतं. लंच ब्रेक त्यात जायचा. मामींच्या नजरेत यावं म्हणून मामा लाल मफलर घालायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी वरची एक खिडकी नक्की केली. "ती बघ! जांभळी शाल!" खिडकीत खरंच एक बाई होती. मामांनी दोन्ही हात हलवले. बाईने एक हात वर केला, मग दुसरा. मला ती जरा बारीक वाटली, तसं मी म्हटलंही. "होणारच बारीक," मामा म्हणाले, "सव्वा वर्ष माहेरी राहिली तरी बहिणीची काळजीच करत होती." संध्याकाळी फोनवर मामी म्हणायच्या, "हो हो, दिसलात. मफलर छान दिसतोय." मामा खूश. पावसाची भुरभुर असली तरी आम्ही जायचो. ती बाई आमच्या आधीच खिडकीत येऊन उभी असायची. एकदा मामांनी कागदी पिशवीतून वडी काढून तिला लांबूनच दाखवली आणि खाल्ली, तर ती पोट धरून हसल्यासारखी वाटली. एकदा ती मध्येच डोळे पुसत होती. मामांनी तेव्हा मान वळवली आणि मला म्हणाले, "तू तिकडे बघ."

मामी घरी आल्या त्या दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. कीथने गुलाब पाठवले होते. चहा घेताना माझ्या बायकोने विचारलं, "खोली तरी बरी होती का गं, मामी?" मामी हसल्या. "खोली चांगली होती. पण खिडकीतून काय दिसायचं? मागच्या बिल्डिंगची भिंत. रस्ता दुसऱ्या बाजूला."

मामांनी कप खाली ठेवला. "मग तू म्हणायचीस, दिसलात म्हणून?"

"तुम्ही एवढे लांबून यायचात. नाही दिसत कसं म्हणू? मफलरचं तुम्हीच तर फोनवर सांगितलं होतंत."

"मग ती कोण होती?"

"असेल कुणीतरी," मामी म्हणाल्या. "माझ्यासारखीच आलेली."

मामांना मत द्यायला कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी चेहरा तसाच, दोन्हीकडचा. मामींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला, तोही त्यांना कळला नाही. मग मामींकडे बघत, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "फार मायेनं हात करायची गं ती."