बुडालेल्या राज्यांचं सुतक

बुडालेल्या राज्यांचं सुतक माझ्या रूममेटइतकं मनापासून जगात कोणी पाळत नसेल. हा मूळचा नागपूरचा, अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पॉलिमरवर पीएचडी करायला आलेला. पण पॉलिमरशी त्याचं नातं पोटापुरतं होतं. जीव अडकला होता प्राचीन आफ्रिकेत. कुश, अक्सुम, घाना ही तिथल्या जुन्या राज्यांची नावं तो सख्ख्या आत्यांची घ्यावीत तशा जिव्हाळ्याने घ्यायचा. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात मी हीटर जरा वाढवला, तर ब्लँकेटमधून मान काढून म्हणाला, "कुशवाल्यांनी हेच केलं बे. लोखंड गाळायला भट्ट्या पेटवत राहिले, जंगलं संपली, मेरोएसारखी राजधानी ओस पडली." मी निमूटपणे हीटर कमी केला. थंडीने काकडलेलं परवडलं, पण एक अख्खं राज्य बुडवल्याचा ठपका कोण घेणार? कॅम्पसच्या बसमध्ये एक भाबडा मुलगा पिरॅमिड बघायला इजिप्तला जाणार म्हणाला, तेव्हा सुदानात त्याहून जास्त पिरॅमिड आहेत हे याने त्याला इतकं समजावलं, की आमचा स्टॉप गेला आणि त्या बिचाऱ्याचाही गेला.

लग्नाची दोन-तीन स्थळं याच पायी हुकली होती. मुली हॉटेलात यायच्या आणि अक्सुमचा व्यापार बसायच्या आतच निघून जायच्या. मग फिलाडेल्फियातल्या एका नर्सचं स्थळ आलं. मुलगी इथेच जन्मलेली, बोलकी. फोनवर हा बहुतेक ऐकायचंच काम करायचा, म्हणून प्रकरण टिकलं आणि बघता बघता याचा तिच्यावर जीव जडला. ती आईला घेऊन आमच्याकडे येणार असं ठरलं, तसा नागपूरहून याच्या आईचा मला फोन. "बाळा, त्याला राज्यं काढू देऊ नको रे." याने स्वतःच भिंतीवरचा आफ्रिकेचा नकाशा उतरवून पलंगाखाली सरकवला. "ही गेली तर मला नाही सोसायचं यार," तो म्हणाला. "मी आफ्रिकेचं नाव काढलं की तू खोक."

शनिवारी दोघी आल्या. हा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा बसला. हवा, ट्रॅफिक, पुन्हा हवा. मुलगी घड्याळ बघायला लागली. तेवढ्यात तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, अगदी सहज विचारलं, "कॉफी छान झालीय हं. कुठली?"

"इथिओपियाची," तो म्हणाला आणि ओठ घट्ट मिटून बसला. मला वाटलं, जिंकलो. पण त्याच्या कपाळावरची शीर फुगत गेली आणि शेवटी तो पुटपुटला, "तिथेच अक्सुम होतं."

मी खोकलो. जोरजोरात खोकलो. काकूंनी मला हळदीचं दूध घ्यायला सांगितलं. इकडे साखरेचा डबा अक्सुम झाला, बिस्किटांची बशी तांबडा समुद्र झाली, जहाजं आली, सोन्याची नाणी पडली, आणि मग सगळं ओसरत गेलं. मेरोएपाशी येईपर्यंत त्याचा आवाज कापायला लागला. काकूंनी पर्स मांडीवर घेतली.

"वेट," मुलगी म्हणाली. "मग तिथल्या लोकांचं काय झालं? व्हेअर डिड दे गो?"

आजवर सगळ्यांनी त्याला हे कधी संपणार एवढंच विचारलं होतं.

"कुठेच नाही गेले," तो हळूच म्हणाला. "राजे गेले. लोक तिथेच ज्वारी पेरत राहिले."

"आय लाइक दॅट," ती म्हणाली आणि तिने कप पुढे करून आणखी कॉफी मागितली. काकूंनी पर्स खाली ठेवली.

आता दोघं लग्न करून दूर कॅरी नावाच्या गावी असतात आणि सुखात आहेत. माझा नवा रूममेट शांत, समजूतदार आहे, हीटर कितीही वाढवला तरी बोलत नाही. मला करमत नाही. गेल्या रविवारी न राहवून कॅरीला फोन लावला, तर तिने उचलला.

"तो झोपलाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "काल आमचं सोंघाय बुडलं ना. ही वॉज सो सॅड."

मी बरं म्हणून फोन ठेवला. एवढं मोठं राज्य बुडालं आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.