पालथं ताट

आत्या गेल्याची बातमी मंगलनं आणली. मी अध्यापक विद्यालयाच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होते, मागं वळून बघते तर दारात माझी धाकटी बहीण उभी. अंगात शाळेचा गणवेश, दप्तर खांद्याला तसंच. "ताई, चल. आत्याचं झालं," ती म्हणाली. दळण झालं, चल, असं सांगावं तशी. आम्ही दोघी उन्हातून भरभर चालत निघालो. मिलच्या भिंतीपाशी मंगल म्हणाली, "सकाळी चमचाभर पाणी घेतलं. बाकी काही नाही." तीन दिवस आत्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, हे मला माहीत होतं. का नव्हता, तेही माहीत होतं. गेला दीड महिना समाचाराला येणारी माणसं म्हणतात, अशा दुखण्यात अन्न तुटतंच... आणि आम्ही नुसत्या माना हलवतो.

शिबाआत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. नाव अलीशिबा. लग्न केलं नव्हतं. माळशिरसला मिशनच्या शाळेत शिकवायची, आणि दुष्काळाच्या वर्षी आमच्या आईनं अंथरूण धरलं तेव्हा नोकरीवर पाणी सोडून, एक पत्र्याची पेटी घेऊन सोलापूरला आमच्या दोन खोल्यांत आली. मला ती आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसावरच्या लेखात असं लिहायची पद्धत नाही. पण हेही सांगायला हवं, की आईच्या छातीतून रक्त पडायचं तेव्हा ते भांडं स्वतःच्या हातानं धुणारी तीच होती. पप्पांनासुद्धा ते जमायचं नाही. आईनं शेवटी मागितलं तेही तिच्याकडंच. आम्ही उंबऱ्यात बसलो होतो, मी तेरा वर्षांची आणि मंगल सात. आई म्हणाली, "वन्सं, पोरी देवापास्नं तुटू देऊ नका." आत्यानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "न्हाय तुटू देणार. तू नीज आता." आई निजली ती निजलीच. आणि आत्या तो शब्द पाळायला लागली.

आमच्या घरात जेवणाआधी संध्याकाळची प्रार्थना असते. आजोबांपासून एक रीत आहे. ताटं पालथी मांडायची. प्रत्येकानं दिवसभरातला एक उपकार देवापुढं मोठ्यानं सांगायचा आणि मग आपलं ताट उताणं करायचं. उपकार नाही तर ताट पालथं, ताट पालथं तर जेवण नाही. आई होती तोवर हा आम्हाला खेळ वाटायचा. मंगलनं एकदा शेजारच्या काकू उद्या लाडू देणार आहेत म्हणून आजच उपकार मानून टाकले होते, आणि आईला हसता हसता असा खोकला आला की पप्पांना प्रार्थना थांबवावी लागली. ताट उलटायला कुणालाच वेळ लागायचा नाही, पोटात भूक असली की उपकार आपोआप सुचतात.

आईला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळीही आत्यानं ताटं पालथी मांडली. कबरस्तानातच तिनं आम्हाला बजावलं होतं, रडायचं न्हाय, आई प्रभूकडं गेली, त्याला काय वाटंल? पप्पा म्हणाले, "देवा, तिचा खोकला थांबला म्हणून तुझे उपकार." मी म्हणाले, "पप्पांना मिलमधून चार दिवस रजा मिळाली म्हणून तुझे उपकार." असं म्हणाले मी, आणि ताट उताणं केलं. मंगल काही बोलेना. आत्या थांबली. आमटी निवली. "म्हण, मंगल." मंगलनं मान हलवली. आत्यानं तिच्यापुढची भाकरी उचलली आणि दुरडीत परत ठेवली.

पप्पा म्हणाले, "अक्का, ल्हान हाय की ती. खाऊ दे की."

"ल्हान हाय म्हणूनच. हाड मोडलं की लगेच बांधावं लागतं. वाकडं जुळलं की माणूस जलमभर लंगडतंय. आज ती देवावर रुसली तर कायमची रुसंल."

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला शाळेत धाडलं. शाळेत दुष्काळाची सुकडी मिळायची, म्हणून पोर तगली म्हणायची. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची ते दिवस होते, आणि तिच्या भाकरीचासुद्धा वास संध्याकाळी भिंतीपलीकडं जायचा. दुसऱ्या संध्याकाळी मंगलचं ताट पालथंच राहिलं. मी माझ्या भाकरीचा एक तुकडा मोडून मांडीखाली धरला, तिला द्यायला. आत्यानं पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "रूथ, तिला भाकरी देतीस व्हय? का तिच्याकडनं देव काढून घेतीस?" तो तुकडा मीच खाल्ला. मंगल बघत होती.

तिसऱ्या संध्याकाळी मंगलनं हात जोडले, डोळे मिटले आणि चर्चमध्ये वचन पाठ म्हणावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "देवा, आई मेली म्हणून मी तुझे उपकार मानते." मग तिनं आपलं ताट उताणं केलं.

पप्पा उठून बाहेर गेले. आत्या इतक्या मोठ्यानं 'आमेन' म्हणाली की आवाज फाटला. तिनं मंगलला ओढून मांडीवर घेतलं. त्याआधी तिनं आम्हाला कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. पेटीत जपून ठेवलेलं शाळूचं पीठ काढून तिनं पांढऱ्या दोन भाकऱ्या केल्या आणि त्यावर शेंगाची चटणी, तेल घालून. मंगलनं दोन्ही खाल्ल्या आणि बोटानं ताट पुसून घेतलं.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण रविवारी उपासनेत आत्या साक्ष द्यायला उभी राहिली. आपल्या भावाच्या सात वर्षांच्या लेकीनं आईला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी देवाचे काय उपकार मानले, ते तिनं सगळ्या मंडळीला सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकसाहेब म्हणाले, असा विश्वास मोठ्यांतही दिसत नाही. उपकाराआधी पोर दोन रात्री उपाशी होती, हे आत्यानं सांगितलं नाही. लपवलं असं मी म्हणणार नाही. तिच्या लेखी तो भाग महत्त्वाचा नव्हताच.

आणि मग ती मंगलला घेऊन हिंडायला लागली. मंडळीत कुणाच्या घरी मयत झाली, मागं लहान मुलं राहिली, की दुसऱ्या दिवशी आत्या मंगलचे केस विंचरून, तिला धुतलेला फ्रॉक घालून निघायची. रडून डोळे सुजलेल्या त्या मुलांसमोर मंगलला उभं करायची. "ही बघा आमची मंगल. हिचीबी आई गेली. हिनं काय म्हणलं, ऐका." मंगल म्हणायची. तेच वाक्य, तोच आवाज. मुलं तोंडाकडं बघत राहायची. निघताना तिच्या हातावर कुणीतरी श्रीखंडाची गोळी ठेवायचं. पाच-सहा वर्षांत अशी किती घरं झाली ते सांगता येणार नाही. एकदा भांडी घासताना मी तिला विचारलं होतं, "तुला खरंच तसं वाटलं होतं का गं?" ती म्हणाली, "तो तवा दे इकडं." वचनं पाठ करण्यात दरवर्षी पहिला नंबर तिचाच असायचा, त्यामुळं मीही पुढं काही विचारलं नाही. सोयीचं होतं ते.

यंदा उन्हाळ्यात आत्याच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यानं पोट उघडलं, परत शिवलं आणि घरी पाठवून दिलं. तिचं सगळं मंगलनं केलं. चौदा वर्षांची पोर कण्या शिजवायची, भरवायची, बेडपॅन काढायची. आत्याचं ताट, कडेला चेमटलेलं जर्मन धातूचं, खाटेशेजारी स्टुलावर पालथं असायचं. रोज संध्याकाळी ती कसाबसा एक उपकार सांगायची आणि ताट उलटायची. मग मंगल त्यात चार चमचे कण्या घालायची.

ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी आत्या नुसती पडून राहिली. मंगल पातेलं घेऊन उभी होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आत्या, उपकार."

"सुचत न्हाय."

"मग राहू दे पालथं?"

हुबेहूब आत्याचा आवाज होता तो. मी तिथंच होते. मी मधे पडायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सात वर्षं मी तो तुकडा गिळून बसले होते.

आत्यानं मान वळवून मंगलकडं पाहिलं. "मंगल, एक खरं सांग. त्या दिशी तू मनातनं म्हणली हुतीस न्हवं?"

मंगलनं पातेलं खाली ठेवलं. "मला भूक लागली होती, आत्या."

रागानं म्हणाली नाही ती. विचारलं म्हणून सांगितलं. आत्या छताकडं बघत म्हणाली, "मलाबी लागली हुती की गं."

आम्हाला कळेना. मग तिनं थांबत थांबत सांगितलं. आई गेली तेव्हा मंगल बोलेपर्यंत तिचंही ताट पालथंच होतं. भावजय गेली म्हणून उपकार तिच्या तोंडातून निघेचनात. ती आम्हाला वाढायची, सगळ्यांच्या मागून जेवायची, त्यामुळं तिच्या ताटाकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. "तू म्हणलीस, तवा माझं ताट उलटलं. म्हणलं, एवढ्याशा लेकराला जमतंय... त्येच्यावरच चालले म्या इतकी वर्सं." मी पप्पांकडं पाहिलं. ते दाराला टेकून उभे होते. "व्हय," ते म्हणाले, "अक्का जेवत नव्हती." सात वर्षं हा माणूस हे जाणून होता आणि रोज आपलं ताट उताणं करून जेवत होता.

मंगलनं चमचा भरला. "खा आत्या. उपकाराचं राहू दे आता."

"न्हाय. लेकराला सोडलं न्हाय म्या. मला सूट कशी?"

तिनं ताटावर हात ठेवला तो काढलाच नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मंगळवारी संध्याकाळी मंगल तिच्या खाटेशी गुडघे टेकून रडत होती. आईच्या वेळी अडवलेलं रडू बहुतेक तेव्हा बाहेर पडलं. "आत्या, मी खोटं बोलले परवा. मी मनापासून म्हटलं होतं. शपथ." आत्या जराशी हसली. तिचा तो चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. "आता माझ्या भुकंसाठी म्हणतीस व्हय?" तिनं विचारलं, आणि मंगलच्या केसांवरून हात फिरवला. बुधवारी ती गेली.

अंत्यविधीला पाळकसाहेबांनी तीच साक्ष पुन्हा सांगितली. शिबाबाईंनी आईवेगळ्या लेकरांचा विश्वास कसा राखला, ते सांगितलं. सगळ्यांनी वळून मंगलकडं पाहिलं. ती शवपेटीच्या खिळ्यांकडं बघत होती.

घरी आल्यावर मंगलनं सवयीनं चार ताटं पालथी मांडली. पप्पा म्हणाले, अक्काचं दुखणं संपलं म्हणून उपकार. मी काहीतरी पुटपुटले, ते इथं सांगण्यासारखं नाही. मंगलनं हात लांब करून आत्याचं चेमटलेलं ताट ओढलं, उताणं केलं, त्यात आमटी-भाकरी वाढून घेतली आणि जेवायला लागली. तिचं स्वतःचं ताट शेजारी पालथं. तेव्हापासून रोज असंच चाललंय. पप्पा उपकार मानतात, मी मानते, मंगल आत्याच्या ताटात जेवते. तिला बोलायची आमची दोघांची छाती होत नाही.

परवा पाळकसाहेब आले आणि आग्रहावरून जेवायला थांबले. मंगलशेजारचं ते पालथं ताट पाहून त्यांचे डोळे भरून आले. "शिबाबाईंचं ताट अजून मांडता तुम्ही! मंगल, तूच मांडतेस ना? येत्या रविवारी मी हे मंडळीला सांगणार आहे."

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी मंगलकडं. मंगलनं चेमटलेल्या ताटातली भाकरी मोडली, चटणीची वाटी उचलली आणि त्यांना विचारलं, "अजून वाढू का?"